शून्य मोजताना

गुरुवारी दुपारी ऑपरेशन थिएटरातून फोन आला :
'पोट उघडलंय. पेरलंय नुसतं.'

पुन्ता अरेनासमध्ये त्या दिवशी वारा असा
की इस्पितळापासून बसथांब्यापर्यंत
माणसं दोर धरून चालत होती.

मी इथं वीस वर्षं काप काढतो.
मेणाच्या वडीत बसवलेला माणसाचा तुकडा
तीन मायक्रॉन जाडीचा कापायचा,
कोमट पाण्यावर पसरू द्यायचा
आणि सायीसारखा अलगद
काचेवर उचलून घ्यायचा.
नावं मी वाचत नाही, नंबर वाचतो.
हे नाव वाचलं गेलं.
एदेलमिरा ओयार्सून, वय एक्केचाळीस,
खेकड्यांच्या कारखान्यात
माझ्या बहिणीच्या शेजारी बसते. पाय सोलते.

स्कॅन बघणाऱ्यानं लिहिलं होतं :
बहुधा अंडाशयातून पसरलेला.
पुढच्या डॉक्टरच्या कागदावर
'बहुधा' गळून पडलं होतं.
त्या एका गळलेल्या शब्दावर
तिनं शिवणयंत्र भाचीला देऊन टाकलं,
नवऱ्याला भट्टी पेटवायला शिकवली,
स्मशानात जाऊन सायप्रसच्या आडोशाची,
वारा कमी लागेल अशी जागा बघून आली.
हप्ता किती, तेही विचारलं.

गोठवलेला पहिला काप बघून
डॉक्टर यास्ना कुलेंतिच फोनवर म्हणाल्या,
'थांबा. आणखी काही काढू नका.'
पलीकडून आवाज चढला. टेबलावर बाई,
हातात कात्री, आणि थांबा?
'हो. थांबा.'
फोन ठेवल्यावर मात्र
त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला.

मग सहा दिवस.
खालच्या काचेवर लांबट पेशी,
कोइरोन गवत वाऱ्यानं एकाच अंगाला झोपावं तशा,
मध्येच दिशा बदलून दुसऱ्या झुबक्यात शिरलेल्या.
केंद्रकांची टोकं बोथट. कुणी भडकलेलं नाही.
फुटणारी पेशी शोधायची,
दहा क्षेत्रांत किती, ते मोजायचं.
बाईंनी पन्नास मोजली.
एक सापडली की दम तरी घेता येतो.
शून्य असलं
की शेवटपर्यंत जावं लागतं.

स्नायूचा रंग तपकिरी चढला.
आतड्याच्या त्या दुसऱ्या, वाईट गाठीचा
चढलाच नाही.
मग त्यांनी कुणालाच न सुचलेला प्रश्न विचारला :
सात वर्षांपूर्वी गर्भाशयातली गाठ
काढली कशी होती?
सान्तियागोहून उत्तर आलं,
दुर्बिणीतून. आतच बारीक करून.

म्हणजे पेरलेलंच होतं.
फक्त बी तिचं स्वतःचं,
यंत्रातून सांडलेला चुरा,
पोटभर रुजलेला,
गर्भाशयाच्या भिंतीसारखाच
कुणाला न विचारता काम करणारा स्नायू.
काम नसलेल्या जागी.

अहवालात बाईंनी लिहिलं 'सौम्य',
आणि खाली लक्ष ठेवण्याबद्दल चार ओळी,
कारण असल्या गाठी त्यांनी
आयुष्यात दुसऱ्यांदाच पाहिल्या होत्या.

टाके काढायला आली त्या दिवशी
एदेलमिरा तळघरात उतरली.
'बघू द्या मला.'
नियमात बसत नाही. मी स्टूल सरकवलं.
बराच वेळ ती भिंगाला डोळा लावून होती,
मासळीचा वास लागलेली बोटं
मांडीवर अगदी स्थिर.

'ह्याच्यासाठी सहा दिवस लागले?' ती म्हणाली.
'हे मांस आहे. धागे बघा की.
रोज सोलते मी.'

बाई काही बोलल्या नाहीत.
खेकड्याचा स्नायू वेगळा असतो,
हे त्यांना माहीत होतं. मलाही.

जाताना तिनं विचारलं,
भाचीकडून यंत्र परत मागितलं
तर बरं दिसेल का.